साळूबाईच्या दारी पालखी

साळूबाई आमच्या गावच्या वरच्या वाडीत एकटीच राहते. कापडे गावाहून डोंगरात शिरलं की आधी आमची खालची वाडी लागते आणि तिथून उभी चढण चढली की तिची. पूर्वी वर बरीच घरं होती. कुणी मुंबईला गेलं, कुणी दरडीच्या भीतीने खाली उतरलं. साळूबाई मात्र म्हशी आणि थोडी नाचणी धरून राहिली. मुलगा सुनील डोंबिवलीला बोलावतो, तर म्हणते, "मी आले की वाडीची चूल विझली."

हा नुसता हट्ट नाही. शिमग्यात आमच्या देवीची पालखी चूल पेटत असलेल्या प्रत्येक घरी जाते. एकदा दार चुकलं की वाट मोडली. मग ती वाडी फेऱ्यातून कायमची जाते.

यंदा तीच वेळ आली. शिमग्याआधीच्या गावकीच्या बैठकीत गावचे मानकरी, गावकर राजेशभाऊ म्हणाले, "खांदे कमी हायत. पालखी खालच्या आंब्याशी थांबंल. काकी, तू ओटी घेऊन खाली ये."

"मी येईन रे. चूल कशी आणू, डोक्यावर?"

सगळे हसले, पण ठरलेलं बदललं नाही. मला मनातून बरंच वाटलं. माझा मुलगा सार्थक यंदा पहिल्यांदाच पालखीच्या दांडीला खांदा देणार होता, क्रिकेटमध्ये दुखावलेला गुडघा घेऊन. त्यात ती चढण, वाळक्या गवताने निसरडी झालेली.

पालखी आंब्याखाली आली. ढोल-सनईचा खालूबाजा घुमत होता आणि साळूबाईचा पत्ता नाही. तिची ओटी झाल्याशिवाय पालखी देवळात परत नेता येईना.

"काकी, येतेस ना?" राजेशभाऊंनी हाक दिली.

वरून उत्तर आलं, "मी वाट झाडून ठेवलीय. देवीला इचार, दमली काय ती?"

ढोलवाला नाथू खुदकन हसला आणि त्याने पालखी नाचवायचा ठेका धरला. त्या ठेक्यावर आमच्याकडे कुणाला स्वस्थ उभं राहता येतं? पुढची दांडी हलली. सार्थक ओरडला, "चला रे!" मी "अरे, गुडघा" म्हणेपर्यंत पालखी चढणीला लागलीसुद्धा. आतापर्यंत नुसतं चित्रण करणारे मुंबईकर फोन खिशात कोंबून दांडीखाली शिरले. कुणाचा तरी जावईही शिरला. बायका पदर खोचून मागे. मी सार्थकच्या पायांवर नजर ठेवून निघाले होते, पण अर्ध्या वाटेत मीच सगळ्यांबरोबर देवीच्या नावाने ओरडत होते.

वर अंगण ताजं सारवलेलं. साळूबाईने सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं, देवीची ओटी भरली. मग पालखी अशी नाचली की सारवण पार उखडलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं, ती टाळ्या वाजवत होती.

राजेशभाऊ पायरीवर बसून धापा टाकत होते.

"माझ्या म्हशी रोज चढतात रे," साळूबाई त्यांना पाणी देत म्हणाली. "कधी बैठक नाय घेतली."

हशा ओसरल्यावर राजेशभाऊंनी गावकीकडे पाहिलं. "पुढच्या वर्षापास्नं पयली ओटी वरची. सकाळी दम असतो तवा चढू, मग उतारच हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"या," साळूबाई म्हणाली. "पण म्हशी पिळून झाल्यावर. आधी आलात तर देवीला थांबावं लागंल."