गालातलं ज्येष्ठमध

आमच्या घरात ज्येष्ठमधाला कोणी औषध म्हणतच नाही. माझा राग त्याच्यावरच आहे. सर्दीच्या काढ्यात तुळस, अडुळसा आणि ते. खोकल्याला मधातून त्याची पूड. बाळाच्या गुटीतही तेच, पण तिथे सहाणेवर दोन वेढे म्हणजे दोनच. तिसरा उगाळायला गेलं की सासूबाई हात धरायच्या. बाळासाठी एवढं मोजमाप, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसासाठी काहीच नाही!

आमचे हे गावच्या भजनी मंडळाचे बुवा. आवाज बसू नये म्हणून गालात ज्येष्ठमधाची काडी. पूर्वी ती भजनापुरती असायची. पोलादपूरपासून तुडीलपर्यंत बोलावणी येऊ लागली, तशी ती सकाळी चहाआधी गालात जायची आणि झोपतानाच निघायची. मंडळातला जो कोणी महाडला जाईल तो येताना एक जुडी घेऊन यायचा. देवाचं काम म्हणे.

यंदा यांचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. रक्तदाबाची गोळी मी रोज स्वतः हातावर ठेवते, तरी वरचा आकडा एकशे ऐंशी. महाडच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, आकडा हलेना. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी.

"गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग तोंडात काय आहे?"

"हे होय? ज्येष्ठमध. आवाजासाठी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दाब यानेच चढतोय, पोटॅशियम यानेच उतरतंय, असंच चाललं तर हृदयावर येईल. आजपासून बंद, म्हणाले.

त्याच संध्याकाळी पखवाजवाले भावोजी ओटीवर हजर, हातात नवी जुडी.

"वैनी, लाकूड हाय ते. लाकडानं कुठं माणूस मरतो?"

"लाकूड चुलीत जातं, भावोजी. हे यांच्या पोटात जातंय."

"डाक्टरला काय भजनाला बसायचंय? शनवारी दासगावात बुवांचा आवाज लागला नाय तर लोक हसतील."

"हसू देत. उद्या यांना काही झालं तर तुम्ही दारात भजनाला बसाल, आणि आवाजही छान लावाल."

ते जुडी उचलून निघून गेले. "एवढं लागट बोलायची काय गरज होती?" हे म्हणाले. होती. दुसरं कोणी बोलणार नव्हतं.

शनिवारी हे काडीशिवाय दासगावला गेले. दुसऱ्याच अभंगाला आवाज फाटला, आणि गाणं भावोजींच्या मुलाने पुढे नेलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. मंडळातलं कोणी साध्या चौकशीलाही फिरकलेलं नाही. इतकी वर्षं यांच्या गळ्यावर मिरवले, आणि आता पाय कसे आहेत एवढं विचारायला कोणाला सवड नाही.

सकाळी मी दाब मोजायचा पट्टा घेऊन बसते. हे हात पुढे करतात, तोंड भिंतीकडे. आज एकशे अठ्ठेचाळीस. मी मोठ्याने वाचून दाखवला. ऐकायचं नसेल त्यांना, पण हात काही मागे घेतला नाही.