उद्याची तारीख

"आले बघा रद्दमास्तर! आता आज कोणाच्या मुळावर उठलात?"

साइटवर त्यांचं स्वागत हे असं. मास्तर म्हणत असले तरी त्यांनी जन्मात कोणाला शिकवलं नव्हतं. रुग्णालयाची सहा मजली इमारत बांधली जात होती आणि तिची सगळी ड्रॉइंग्ज त्यांच्या ताब्यात होती. पत्र्याच्या ऑफिसातलं मागचं टेबल, दोन लोखंडी कपाटं, एक शिक्का तारखेचा, एक 'रद्द'चा. सुधारित ड्रॉइंग आलं की त्यावर आल्याची तारीख मारायची, वर नेऊन इंजिनिअरची सही घ्यायची आणि जुनं हिसकावून आणायचं. हिसकावूनच, कारण जुन्यावर सुतारांनी पेन्सिलीने मापं टिपलेली असत आणि कोणीतरी ते अंथरून जेवलेलंही असे.

"मास्तर, अहो कालच तर हे दिलंत!"

"कालचं काल. आज हे."

"आणि उद्या?"

"ते समितीला विचार. मी आपला पोस्टमन."

रुग्णालयाच्या समितीचं काही ठरत नव्हतं. लिफ्ट कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एकट्या जिन्याची एकोणीस ड्रॉइंग्ज झाली. उद्घाटनाची तारीख मात्र पाया खणायच्या आधीच ठरलेली, आणि ती काही सुधारत नव्हती. जमीन आठ महिने उशिरा मिळाली, तारीख तीच. दोन इंजिनिअर कंटाळून सोडून गेले, तारीख तीच. तिसरा आला तो तरणाबांड, सकाळपासून घसा फोडून ओरडणारा.

सव्वीस वर्षांत मास्तरांचा एक कागद हरवला नव्हता. आणि सव्वीस वर्षांत त्यांना बघून एकाही माणसाला आनंद झाला नव्हता.

"अगं, माणसं मला बघून तोंड फिरवतात," ते घरी म्हणायचे.

"मग घरी तरी तोंड जरा बरं करून या," बायको म्हणायची.

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा दिवस होता. पंप धडधडत होता, काँक्रीटच्या सात गाड्या फाटकाबाहेर रांगेत. नऊ वाजता कुरिअर आलं. मास्तरांनी गुंडाळी उलगडली. तपासणीचं अवजड यंत्र तळमजल्यावर बसणार होतं, ते आता तिसऱ्यावर. त्याखालचे दोन बीम जास्त जाड, सळया दुप्पट.

शिक्का मारायलाही न थांबता ते धापा टाकत वर पोचले. पंपावरच्या माणसांनी कपाळाला हात लावला. इंजिनिअरने ड्रॉइंग हातातही घेतलं नाही.

"काय बदललंय?"

"दोन बीम. साहेब, थांबवावं लागेल."

"किती दिवस?"

"फळ्या उतरवायच्या, सळया नव्याने बांधायच्या... आठवडा तरी."

तो हसला. मग मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना बाजूला घेऊन गेला. आजवर कुठल्या इंजिनिअरचा हात त्या खांद्याला लागला नव्हता.

"काका, हे अजून माझ्यापर्यंत आलेलंच नाही. उद्या येईल. उद्याची तारीख टाका, उद्या सही करतो. बीमना खालून लोखंडी आधार देऊ नंतर. माझ्यावर सोडा."

"पण साहेब..."

"काका, साठ माणसं तुमच्या तोंडाकडे बघत उभी आहेत. सांगा तुम्हीच. चालू ठेवू की बंद करू?"

साठ माणसं खरंच बघत होती. मास्तर म्हणाले, "चालू द्या."

टाळ्याच पडल्या! कोणीतरी शिट्टी मारली. "मास्तर, आजचा चहा आमचा!" बसायला उलटी बादली मिळाली, चहा मिळाला, दुसऱ्यांदाही मिळाला. मग खाली येऊन त्यांनी शिक्क्याचं दातेरी चाक अंगठ्याने एक घर पुढे ढकललं आणि शिक्का मारला. त्या संध्याकाळी घरी गेले ते गुणगुणत.

आधार कोणी दिलेच नाहीत. चार महिन्यांनी, मजला भार पेलतो का ते बघायला, यंत्राच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या तिसऱ्या मजल्यावर रचल्या, तेव्हा बीमला बोट जाईल एवढी भेग पडली. काम बंद. उद्घाटनाची तारीख आली आणि गेली. इंजिनिअर तोवर दुसऱ्या गावी, मोठ्या पुलाच्या कामावर रुजू झाला होता.

चौकशीला आलेल्या बाई मास्तरांना म्हणाल्या, "सगळे कागद क्रमाने लावून द्या. दुसऱ्या कोणाला ते सापडायचे नाहीत."

त्या कागदांत कुरिअरची पावती होती. खरी तारीख, सकाळचे नऊ, मास्तरांची सही.

"फाडा," बायको म्हणाली. "निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या."

"फाडली तर ड्रॉइंग दुसऱ्या दिवशीच आलं असं होईल."

"होऊ दे की!"

"मग साहेब सुटेल."

"आणि ठेवलीत तर तो अडकेल?"

"अडकणारच. त्यानेच सांगितलं म्हणून मी तोंडावर सांगणार. साठ माणसं होती तिथे. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"टाळ्या वाजवणारे साक्षीला येतात होय हो?"

मास्तरांनी पावती लावली. जागच्या जागी, नीट छिद्र पाडून.

बाईंनी विचारलं, "इंजिनिअर म्हणतात, ड्रॉइंग त्यांना दुसऱ्या दिवशी मिळालं. त्यावर तुमचाच शिक्का आहे. मग आदल्या दिवशी ते कुठे होतं?"

"त्यांनीच सांगितलं, उद्याची तारीख टाका."

"ऐकलं कोणी?"

त्या दिवशी पंपावर असलेल्या सुपरवायझरला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पंप चालू होता, मॅडम. काही ऐकू येत नव्हतं."

अहवालात काम फसण्याची अकरा कारणं दिली होती. जमिनीचा उशीर, समितीची धरसोड, बदलत गेलेले इंजिनिअर, आधी ठरलेलं उद्घाटन. अशा दहा कारणांपुढे लिहिलं होतं, 'यापुढे दक्षता घ्यावी'. अकरावं कारण एक माणूस होता, म्हणून त्याच्यापुढे 'बडतर्फ' लिहिता आलं. मास्तर निर्दोष होते असं मी म्हणणार नाही. चाक त्यांच्याच अंगठ्याने फिरलं. पण बाकीच्या दहा कारणांना अंगठेच नव्हते की काय?

ते भर दुपारी घरी आले. बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, इतकी नीट लावलेली फाइल आजवर पाहिली नाही. सगळं लगेच सापडलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मास्तर वाकून बुटांची नाडी सोडत होते. ती सुटत नव्हती.

"मी थँक्यू म्हणालो."