चिमट्यातलं शून्य

"तिला नका इचारू, तिला सपान बी इंग्रजीतच पडतं," काकू शेजारणीला म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. मी पप्पांच्या हाताकडे बघत होते. त्यात पेन होतं.

मिरजगावजवळच्या आमच्या मळ्यात माझ्या काकांनी बरीच वर्षं खपून एक यंत्र बनवलं होतं. घरच्या विजेवर छोटी मोटर, मोटरीवर लोखंडी जड चाक, चाकावर जनित्र आणि जनित्रावर बल्ब. चाकाने एकदा वेग घेतला की मोटर बाहेरची वीज ओढतच नाही, असं काका सांगत. मग विहिरीचं वीज कनेक्शन ठेवायचं कशाला? "बोर्डाचं मिंधं न्हाई राहायचं," हे त्यांचं पालुपद. कनेक्शन दोघा भावांच्या नावावर होतं, त्यामुळे ते बंद करायच्या अर्जावर पप्पांची सही लागणार होती. एकदा बंद केलं तर परत कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि आमच्या लिंबोण्या त्याच विहिरीवर जगत होत्या.

चाचणी किती वेळ घ्यायची यावरून दोघे भाऊ महिनाभर भांडत होते. पप्पा म्हणत तासभर, काका म्हणत दहा मिनिटं. शेवटी गावातले निवृत्त गुरुजी मध्ये पडले. त्यांनी अर्धा तास ठरवला आणि दोघांना बेलभंडार उचलायला लावला. तळहातावर बेलाचं पान, पानावर भंडारा, आणि शब्द असा की मीटर दाखवील ते मान्य. आमच्याकडे ही शपथ कुणी मोडत नाही.

अर्धा तास होत आला, तरी चाक घुमत होतं. बल्ब पेटलेले होते. गुरुजी मोटरीच्या केबलपाशी वाकले. तिथे काकांनी चिमट्यासारखा उघडणारा मीटर लावून ठेवला होता. हा चिमटा वायरीभोवती बसवला की आतून वाहणारी वीज आकड्यात दिसते.

"किती?" पप्पांनी विचारलं.

"शून्य."

"चष्मा पुसून बघा, गुरुजी."

"तिसऱ्यांदा बघतोय. शून्यच आहे."

"दादा, पेनात शाई हाय ना? का ती बी मीच देऊ?" काका हसले. त्यांचे डोळे मात्र भरले होते. ते लबाड नव्हते. त्या शून्यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता.

मी दोन पावलं पुढे गेले आणि मला चिमटा नीट दिसला. तो अख्ख्या काळ्या केबलभोवती बसवला होता. आत दोन वायरी असतात, एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही एकदम चिमट्यात धरल्या की जाणारी आणि येणारी वीज एकमेकींना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. कॉलेजच्या लॅबमध्ये मीही हेच केलं होतं आणि सर सगळ्यांसमोर हसले होते. वेळेवरून एवढं भांडण झालं, पण चिमटा कशाला लावायचा, यावर कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

बोलावं तर शपथेनंतर खोडा घातला असं होणार. काका माझ्याकडे पुन्हा पहिल्यासारखे बघतील का, तेही कळत नव्हतं. आणि हे सगळं मला मराठीत सांगायचं होतं.

पप्पांनी अर्ज गुडघ्यावर घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शब्द दिला होता, ते सही करणार होते. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"पप्पा, थांबा," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की काकू दचकली. "काका, घरात घरघंटी चालू करा आणि हा चिमटा असाच तिच्या केबलला लावा. पीठ पडत असेल, तरी तिथेही शून्यच येईल."