लेत्सिरी गवताची हद्द

नाव: मोथेबे सेनेकाने. वय: एकसष्ट. मुक्काम: लेसोथोचा डोंगराळ मुलूख. हुद्दा: हिवाळी कुरणाचा रखवालदार. कर्तव्य: लेत्सिरी गवत जिथून सुरू होतं तिथे दगडांची रास रचणे आणि ऑगस्टपर्यंत, म्हणजे तिथला हिवाळा सरत येईपर्यंत, तिच्या वर कोणाचीही मेंढी चढू न देणे.

राशीखालचं गवत सेबोकु. उन्हाळ्यात जनावरं त्यावर तुटून पडत, पण थंडी पडली की ते तांबूस होऊन वाळे. लेत्सिरी मात्र थंडीतही हिरवं राही, आणि हिवाळा सरताना मेंढ्या त्याच्यावरच तगत. अलीकडे सेबोकु डोंगर चढू लागलं होतं. मोथेबे दरवर्षी रास मोडून वर नेऊन रचत होता.

शेतकी खात्याच्या बाईंनी त्याला समजावलं होतं. "काका, दोन्ही गवतं उन्हावरच अन्न शिजवतात, पण चुली वेगळ्या. एकीची उन्हाळ्यात पेटते, दुसरीची गारव्यात. आणि डोंगर तापतोय."

"मग तो गार कसा करायचा?"

"तशी योजना नाही आपल्याकडे."

यंदा रास शिखरावर पोचली. गावच्या मुखियाबाईंनी सभेत विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे रचणार रे?"

"पुढे आभाळच आहे, आई."

"बरं झालं की! तिथं कुणाची मेंढी चढायची नाही. बसून राहा आरामात."

सभा हसली. मोथेबेही हसला, कारण न हसून करणार काय? मग ठराव झाला: कुरण राखीव, रखवालदार कायम.

त्या ऑगस्टमध्ये त्याच्या एकवीस मेंढ्यांपैकी चार उरल्या.