वाफेचा हिशेब

ऑर्विल स्कार माझा शेजारी. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका शाळेच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला माणूस, त्यामुळे पाणी आणि वाफ यांतलं आपल्याला कुणी शिकवू नये, अशी त्याची ठाम समजूत. तळघरात तो बिअर करायचा, आणि तीही डब्यातल्या तयार अर्काची नाही. जव भरडून, गरम पाण्यात भिजवून, गाळून, उकळून. उकळल्यावर कमी भरली म्हणून मागून पाणी ओतणाऱ्यांना तो 'दूधवाले' म्हणायचा. माझ्याच बिअरबद्दल माझ्या तोंडावर म्हणालाय, म्हणून चांगलं लक्षात आहे.

पाण्याचा हिशेब तो उलटा करायचा. बाटल्यांत किती हवी ते आधी धरायचं, त्यात वाफेवाटे जाणारं मिळवायचं, मग भिजलेलं धान्य जेवढं पिऊन बसणार तेवढं. लाकडी डावाच्या दांड्याला चाकूने खाचा पाडलेल्या होत्या. डाव पातेल्यात उभा धरला, की किती पाणी आहे ते कळायचं.

हर्नियाच्या ऑपरेशननंतर भरलं पातेलं उचलायला डॉक्टरांनी मनाई केली. मग ऑर्विलने ठरवलं, पातेलं तेच, माल फक्त तिसरा हिस्सा. धान्य तिसरा हिस्सा घेतलं आणि वाफही तिसरा हिस्साच धरली. धान्य कमी तर ते पाणीही कमी पिणार, हे खरं. पण पातेल्याचं तोंड होतं तेवढंच रुंद. आज ऑर्विल थोडीच करतोय, हे वाफेला कोण सांगणार? ती नेहमीइतकीच उडाली.

शेवटी डाव बुडवून बघितला तर खाच बरीच वर राहिली. उकळून गार केलेलं पाणी किटलीत तयार होतं. तेवढं ओतलं असतं तरी भागलं असतं. पण दूधवाला कोण होणार? त्याने तसंच यीस्ट टाकलं, पुढे बाटल्या भरल्या आणि कुणाला काही बोलला नाही. बिअर नेहमीच्या दीडपटीहून कडक झाली होती.

आणि ही बिअर होती लॉइडसाठी. लॉइड समोरच्या घरातला, हृदयाचा दुखणाईत. सौम्य बिअर थोडी चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून ऑर्विल ती मुद्दाम सौम्य करायचा. जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही तिघं तळघरात बसलो.

"आज हिला चव आहे रे," लॉइड म्हणाला. "एरवी तू जव नुसते पाण्याला दाखवून काढून घेतोस."

"पी गुपचूप," ऑर्विल म्हणाला. लॉइडने दुसरी बाटली मागितली, तीही त्याने दिली.

लॉइड रस्ता ओलांडून गेला आणि स्वतःच्या दाराच्या पायरीवर घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

त्याची बायको व्हर्ना भेटेल त्याला सांगायची, "पायरीवर मीठ टाकायला मीच विसरले असेन." ऑर्विल समोर असला तर हमखास. तो खाली मान घालून ऐकायचा. रोज सकाळी त्यांच्या दारातला बर्फ काढायचा, बर्फ धरून निसरडं होऊ नये म्हणून पायरीवर मूठमूठ मीठ टाकायचा. सगळी गल्ली म्हणायची, शेजारी असावा तर असा. ते ऐकलं की त्याचा चेहरा उतरायचा. खाई त्याला खवखवे. पातेलं त्याने पालथं घालून ठेवलं होतं.

शेवटी मला त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस? तिला सांग."

"सांगतो," म्हणाला. असं सांगतो सांगतो म्हणत बर्फ वितळायला लागला. आता मीठ टाकायलाही जागा उरेना. तेव्हा एके दिवशी मीच त्याला दंडाला धरून नेलं.

व्हर्ना बटाटे सोलत होती. ऑर्विलने टोपी काढली.

"व्हर्ना, पायरीचा काही दोष नव्हता. बिअर कडक झाली होती. आणि ते मला ठाऊक होतं."

तिने सोलणं थांबवलं नाही. "लॉइडने मला ॲम्ब्युलन्समध्येच सांगितलं. म्हणाला, आज ऑर्विलची बिअर डोक्यात गेली, पण त्याला बोलू नकोस, करायची बंद करेल."

"मग तू ते मिठाचं..."

"मीठ मी त्या दिवशी सकाळीच टाकलं होतं." तिने सुरी खाली ठेवली. "तू दिसलास की मुद्दाम काढायचे तो विषय. वाटायचं, आज तरी हा म्हणेल, नाही गं, तुझी चूक नाही."

ऑर्विल खुर्चीत बसला. त्याला रडू आवरेना, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

आतून लॉइडने विचारलं, "कोण आलंय गं?"

"ऑर्विल."

"तो तर रोजच येतो."

"नाही," व्हर्ना म्हणाली, "आज आलाय."