बायकांच्या बाजूचे दिवे

उद्घाटनाचा नारळ मी लायटिंगच्या नव्या बोर्डशेजारी फोडला आणि सगळं पाणी बोर्डात गेलं.

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की फिदीफिदी हसणाऱ्यांतला मी. तेव्हा तुम्ही हसलात तरी चालेल… पण पूर्ण वाचा.

बारामतीतल्या एका जुन्या टॉकीजचा धनंजयनं चकाचक क्लब केला. बाल्कनीला काळ्या काचा, खाली सोनेरी सोफे, मधोमध डान्स फ्लोअर! मी जळोचीतला मंडपाचे दिवे लावणारा. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. संध्याकाळी सहाला घरच्या पाहुण्यांसाठी ओपनिंग. धनंजयनं बजावलं होतं, "आज फसलास तर पुढच्या प्रोग्रामला पुण्याचा माणूस आणीन."

नवं मशीन म्हटल्यावर आधी नारळ. फोडला… बोर्ड गेला. वायरी उपटून तो गच्चीवर उन्हात वाळत घातला. हॉलमधले दिवे मात्र होते तसे भगभगीत अडकले. क्लब कसला, मंगल कार्यालय!

सहा वाजता पाहुणे बसू लागले. मी खांबामागे, शिव्यांची वाट बघत. एवढ्यात डावीकडचे दिवे हळूहळू मंद होत विझले. मग मधले. उजवीकडचे तसेच. तिथं धनंजयच्या आई, म्हणजे आक्का, काठी टेकत जागा शोधत होत्या. त्या बसल्या — आणि तिथलेही दिवे सावकाश गेले. फ्लोअर निळाशार उजळला. टाळ्या!

दिव्यांचा स्वतःचा ऑटो मोड म्हणाल, तर त्यात ते नुसते लुकलुकतात. शिवाय मी तो बंदच ठेवला होता.

सत्काराला इंदापूरहून तात्या आले होते, याच टॉकीजचे जुने ऑपरेटर. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"तुला ह्ये कुणी शिकवलं रं?"

"काय, तात्या?"

"उजवी बाजू बायकांची. लेकुरवाळ्या बसल्याबिगर आमी तितला दिवा घालवत न्हवतो. ह्ये कुठं लिवल्यालं न्हाय."

मी गच्चीवर पळालो. बोर्ड तिथंच, वायरी गुंडाळलेल्या. दुसऱ्या दिवशी उघडला तर आतून पार जळालेला. मग दिवे कुणी चालवले? मला अजून कळलेलं नाही.

चार दिवस शाबासकी खाल्ली. शेवटी राहवेना, धनंजयला सगळं खरं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पुढच्या प्रोग्रामला बंद बोर्ड तेवढा पाठव," तो म्हणाला. "तू घरीच बस."