बंद लाइनीवरची मालगाडी

"थांबा जी. गाडी येऊन राहिली."

एवढं म्हणून काका उजवा हात आडवा धरत आणि शिवनाथ नदीच्या काठच्या बागेत सकाळी फिरणारे आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहत असू.

गाडी कुठून येणार? त्या बागेत तुम्ही गेला असाल, तर ते रूळ पाहिलेच असतील. मालगाड्यांची ती साइडिंगची लाइन बंद पडून कितीतरी वर्षं झाली. रुळांमध्ये रानतुळस माजली आहे आणि फिरायची वाट एका ठिकाणी रूळ ओलांडून पुढे जाते. काका रिसालीतले आमचे शेजारी, पोलाद प्लांटच्या रेल्वेत शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याचं काम करून निवृत्त झालेले.

एकदा कानात इअरफोन घातलेला एक नवा तरुण थांबेना.

"अंकल, ये लाइन तो बंद है."

"बंद लाइन की गाड़ी का टाइम नहीं रहता, बेटा. इसीलिए खतरा जादा है."

तरुणाने इअरफोन काढले आणि दोन्ही बाजूंना पाहिलं. मग त्याला शंका आली, "तो आंटी कैसे जा रही हैं?"

"वो स्टाफ है."

आंटी म्हणजे त्यांची पत्नी, आमच्या काकू. त्यांना अर्धांगवायू होऊन गेला होता. आधी काठी, मग चांगला पाय, मग ओढत आणलेला दुसरा. रोज चालल्या नाहीत तर तो पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मागून कुणी "सावकाश, काकू" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी त्या घराबाहेर पडत नसत. हे काकांनी मला बागेतल्या बाकावर सांगितलं, माझ्या हातातलं पुस्तक स्वतःच मिटून.

"गाडीसाठी थांबले त लोकं गाडीकडे पायतेत. तिच्याकडे नाही पायत."

तेव्हापासून मी विचारू लागलो, "आज किती डबे?"

"लंबी हाय. थंडीनं गुडघा धरला तिचा."

रुळांच्या मधोमध पोचून काकू ओरडत, "अवो, लोकायले कावून उभं करून ठेवता? रिटायर झाले, तरी डोक्यातलं इंजन बंद नाही झालं." आम्ही हसायचो, पण रुळांकडे बघत. त्या पलीकडे पोचल्या की हात खाली येई.

"पास झाली. या आता."

यंदा थंडी सुरू होताना काका गेले, झोपेतच. काकू बरेच दिवस दिसल्या नाहीत. आता तो पाय गेलाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एका सकाळी काठीचा आवाज आला. काकू एकट्याच रुळांपाशी येऊन थांबल्या. मागे आम्ही घुटमळलो. हात कुणी आडवा धरायचा, ते कळेना. इअरफोनवाला "आराम से..." म्हणू लागला, तेव्हा मी त्याचा दंड दाबला.

काकूंनी वळून आमच्याकडे पाहिलं.

"थांबा जी. गाडी येऊन राहिली."

"लंबी हाय?" मी विचारलं.

"पाय लय दुखून राहिला. लंबीच असन."

आम्ही रुळांकडे बघत उभे राहिलो. रानतुळस वाऱ्याने हलत होती. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला.

"पास झाली. या आता."